डाव फुकट, शिकवणी विकत

कुस्तीच्या तालमीत एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक डाव स्वतःपाशी राखून ठेवतो. पठ्ठा उद्या अंगावर आलाच तर तो कामी यावा म्हणून. खेळ शिकवण्यावर ज्यांचं पोट आहे, अशा अनेकांच्या मनात आजही हीच भीती घर करून असते. क्रिकेटचे सर असोत, बॅडमिंटन शिकवणाऱ्या मॅडम असोत की पोहण्याचे प्रशिक्षक, त्यांना ‘तुमचे व्हिडिओ यूट्यूबवर टाका’ असं सुचवलं की पहिला प्रश्न येतो, ‘सगळं तिथेच दाखवून टाकलं तर आमच्याकडे कोण येणार?’

गेल्या पस्तीस वर्षांचा अनुभव मात्र नेमका उलट आहे. खेळ शिकवणारे अभ्यासक्रम, चित्रफिती आणि शिबिरं ज्यांनी जगभर विकली, त्यांतल्या कितीतरी जणांनी आपला चांगल्यातला चांगला डाव आधी लोकांना फुकट दाखवला. हे कसं घडतं, ते समजून घ्यायला ब्राझिलियन जिउजित्सू हा खेळ फार सोयीचा आहे. आपल्या कुस्तीसारखीच ही अंगाला अंग भिडवून होणारी झोंबी. फरक एवढाच की इथे पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही. जमिनीवर पडल्यानंतरच खरी लढत सुरू होते आणि सांधा अडकवून किंवा गळा आवळून प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावली जाते. डाव शिकवण्याचा व्यवसाय कॅसेटपासून यूट्यूबपर्यंत कसा बदलत गेला, ते या एका खेळात सलग पाहायला मिळतं.

आधी पुरावा, मग पाठ

रिओ दि जानेरोच्या ग्रेसी घराण्याने ही विद्या जपानी जुदोपटू मित्सुयो माएदा याच्याकडून घेतली आणि आपल्या पद्धतीने वाढवली. या घराण्यातला रोरियन ग्रेसी १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात येऊन राहिला. घराच्या गॅरेजमध्ये मॅट अंथरून तो शिकवू लागला. येणाऱ्याला पहिला धडा फुकट असे. पण अमेरिकेत कराटे आणि कुंग फू यांचा बोलबाला होता. जिउजित्सूचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. जे लोकांनी पाहिलेलंच नाही, ते शिकायला ते येणार कसे?

१९८८ मध्ये रोरियनने ‘ग्रेसीज इन ॲक्शन’ नावाची व्हीएचएस कॅसेट काढली. तिचा भर शिकवण्यावर नव्हताच. घराण्यातल्या माणसांनी वेगवेगळ्या युद्धकलांच्या लोकांशी केलेल्या लढतींचं चित्रण तिच्यात होतं. कॅमेरा साधा, चित्र धूसर. पण एक सडपातळ माणूस धिप्पाड प्रतिस्पर्ध्याला खाली घेतो आणि बघता बघता त्याला हार मानायला लावतो, हे त्यात दिसत होतं. पाहणाऱ्याच्या मनात लगेच येई, ‘हे त्याने केलं कसं?’ त्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या शिकवणीच्या कॅसेटी वेगळ्या विकल्या जात.

पुढे जाहिरात व्यवसायातल्या आर्ट डेव्ही याच्यासोबत रोरियनने हीच कल्पना टीव्हीच्या पडद्यावर नेली. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी स्पर्धा झाली. वेगवेगळ्या शैलींचे आठ लढवय्ये एका रात्रीत एकमेकांशी भिडले. ग्रेसी घराण्याने उतरवला तो रोरियनचा धाकटा भाऊ रॉइस, वजनाने जेमतेम ८० किलो. सगळ्यांत दांडगा भाऊ न निवडता दिसायला किरकोळ असलेला भाऊ निवडला गेला, यामागे विचार होता : जिंकते ती विद्या, बळ नव्हे, हे दिसावं. त्या रात्री रॉइसने तिघांना हरवलं. शिकणाऱ्यांची रीघ लागायला आणखी वेगळ्या जाहिरातीची गरज उरली नाही.

या प्रकरणातला पहिला धडा असा : ‘ही विद्या उपयोगी पडते’ याचा पुरावा आणि ‘ती अशी करायची’ याचा पाठ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुरावा सगळ्यांना दाखवायचा, जितक्या लांब जाईल तितका जाऊ द्यायचा. पाठाचे पैसे घ्यायचे.

ताज्या प्रश्नाला पूर्ण उत्तर

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झालं आणि पुरावा पोचवण्याचा खर्च जवळपास शून्यावर आला. रोरियनच्या मुलांनी, राय्‌रन आणि रेनर यांनी, त्या दशकाच्या अखेरीस ‘ग्रेसी युनिव्हर्सिटी’ नावाने ऑनलाइन शिकवणी उभी केली. नवशिक्यांसाठी ३६ तंत्रांचा क्रमवार अभ्यासक्रम हा तिचा पाया. तिकडे गिऱ्हाईक आणण्यासाठी त्यांनी जे फुकट व्हिडिओ केले, ते ‘ग्रेसी ब्रेकडाउन’ या नावाने गाजले.

त्यांची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. यूएफसीत एखादी मोठी लढत झाली आणि शेवट एखाद्या अनपेक्षित पकडीने झाला की लोक दुसऱ्या दिवशी तेच शोधत असत. दोघं भाऊ पांढऱ्या गणवेशात मॅटवर येत. एक जिंकणारा होई, दुसरा हरणारा. लढतीतला तो प्रसंग ते स्वतः पुन्हा करून दाखवत. हात इथे होता, वजन या बाजूला होतं, या क्षणी त्याने मान खाली घातली आणि इथेच घात झाला. मग हरलेल्याला सुटता आलं असतं का, कुठल्या क्षणापर्यंत, ते दाखवत. डाव अर्ध्यात तोडून ‘पुढचं पैसे भरून पाहा’ असं म्हणत नसत. व्हिडिओ संपेपर्यंत पाहणाऱ्याला एका प्रश्नाचं पुरतं उत्तर मिळालेलं असे.

आणि तिथेच त्याला दुसरी जाणीव होई. हा डाव कळला, पण या जागेपर्यंत पोचायचं कसं? त्याआधी काय येतं? आपल्याला साधं पडणं तरी नीट जमतं का? या प्रश्नांचं उत्तर त्या ३६ तंत्रांच्या क्रमात होतं आणि तो क्रम विकत होता.

या पद्धतीची मर्यादाही याच घराण्याच्या अनुभवात दिसली. घरी सराव करणाऱ्यांनी आपला व्हिडिओ पाठवायचा, तो तपासून नवशिक्याच्या पांढऱ्या पट्ट्यानंतरचा निळा पट्टा द्यायचा, अशी सोय त्यांनी केली तेव्हा जिउजित्सूच्या जगात मोठा वाद झाला. प्रतिकार करणाऱ्या अनोळखी माणसाशी न झुंजता पट्टा कसा मिळू शकतो, हा आक्षेप रास्त होता. पुढे त्यांनी नियम बदलले आणि निळ्या पट्ट्यासाठी प्रत्यक्ष येऊन परीक्षा देणं आवश्यक केलं. ऑनलाइन शिकवणी विकणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं. शिकवणं पडद्यावरून होऊ शकतं. पात्रतेचा शिक्का मात्र मैदानावरच मारावा लागतो.

गुपित उघड केल्याने काय झालं?

तरीही राखून ठेवलेल्या डावाचा प्रश्न उरतोच. स्पर्धेत उतरणाऱ्याने आपले डाव विकले तर प्रतिस्पर्धी ते शिकून त्यालाच हरवणार नाहीत का?

मार्सेलो गार्सिया हा पाच वेळा जगज्जेता झालेला खेळाडू. २०१० च्या सुमारास त्याने न्यू यॉर्कच्या आपल्या अकादमीतला सराव चित्रित करून वर्गणीदारांना दाखवायला सुरुवात केली. त्यात पाठ होते, तसा शिष्यांशी होणारा खरा झुंजीचा सरावही होता. म्हणजे स्पर्धेआधी तो कशाची तयारी करतो, हे कुणालाही पाहता येत होतं. त्यामागचा त्याचा विचार सरळ होता. जो माझा खेळ अभ्यासेल तो माझ्या खेळात शिरेल, आणि माझ्या खेळात माझ्याइतका मुरलेला तो असणार नाही.

दुसरं उदाहरण जॉन डॅनहर यांचं. तत्त्वज्ञानाच्या उच्चशिक्षणासाठी न्यूझीलंडहून न्यू यॉर्कला आलेला हा माणूस मॅनहॅटनमधल्या एका तळघरात शिकवत असे. त्यांचे शिष्य पायाचे सांधे अडकवण्याच्या डावांनी एकामागून एक स्पर्धा मारू लागले. जिउजित्सूत पायाचे डाव तोवर थोडे कमी दर्जाचेच मानले जात. हे शिष्य नेमकं काय करतात, ते बाहेर कुणाला नीट उमगत नव्हतं. २०१८ मध्ये डॅनहर यांनी ती सगळी पद्धत कित्येक तासांच्या व्हिडिओमालिकेत मांडून विक्रीला ठेवली.

आता त्यांच्या शिष्यांचं वर्चस्व संपेल, असं कुणाला वाटलं असल्यास त्यात नवल नव्हतं. पण त्यांचा शिष्य गॉर्डन रायन याने २०१९ च्या एडीसीसी या झोंबीच्या मानाच्या स्पर्धेत आपला वजनगट आणि खुला गट अशी दोन्ही सुवर्णपदकं घेतली. २०२२ मध्ये तो पुन्हा जिंकला. रायनने स्वतःचे डावही याच तऱ्हेने विकले. विद्या उघड झाली, जगभरच्या खेळाडूंची पातळी वर आली आणि शिकवणाऱ्यांचं स्थान आणखी पक्कं झालं.

या मालिका विकणाऱ्या ‘बीजेजे फॅनॅटिक्स’ या कंपनीचा एक संस्थापक बर्नार्डो फारिया हा स्वतः पाच वेळा जगज्जेता आणि काही काळ मार्सेलोच्या अकादमीत घडलेला. तो नामवंत खेळाडूंना मॅटवर बोलावतो आणि त्यांच्याकडून एकेक डाव कॅमेऱ्यासमोर काढून घेतो. पाहणाऱ्याच्या मनात येतील ते बाळबोध प्रश्न तो स्वतः विचारतो : हात इथेच का? मी असा वळलो तर? हे छोटे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट असतात. ज्याला त्या खेळाडूची अख्खी पद्धत हवी, तो पूर्ण मालिका विकत घेतो. जगज्जेत्याने विद्यार्थ्याची भूमिका घ्यायची, ही यातली खरी युक्ती. त्यामुळे पाहणाऱ्याला संकोच वाटत नाही.

पाहणं सोपं, करणं अवघड

मग पैसे नेमके कशाचे मिळतात? माहितीचे मिळत नाहीत. ती आज सगळीकडे सांडलेली आहे. मिळतात ते क्रमाचे आणि शिकवणाऱ्याच्या नजरेचे : आधी काय आणि नंतर काय, आणि माझं कुठे चुकतंय.

केनियाचा ज्युलियस येगो हे याचं सुंदर उदाहरण. धावपटूंच्या त्या देशात भालाफेक शिकवणारं फारसं कुणी नव्हतं. येगो सायबर कॅफेत बसून यान झेलेझ्नी आणि आन्द्रेआस थोरकिल्डसन या नामवंत भालाफेकपटूंचे व्हिडिओ पाहायचा आणि मैदानावर जाऊन ते करून बघायचा. ‘मिस्टर यूट्यूब’ हे नाव त्याला त्यावरूनच पडलं. पुढे फिनलंडमध्ये शिष्यवृत्तीवर प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव करायची संधी मिळाली. २०१५ मध्ये बीजिंगला ९२.७२ मीटर भाला फेकून तो जगज्जेता झाला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवलं. आपल्या नीरज चोप्रानेही उमेदीच्या काळात झेलेझ्नींचे व्हिडिओ पाहिले होते. २०२४ च्या अखेरीस त्याने त्याच झेलेझ्नींना प्रशिक्षक नेमलं आणि मे २०२५ मध्ये दोह्यात ९०.२३ मीटर फेक करून नव्वदीचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला. दोघांची वाट सारखीच आहे. फुकटच्या व्हिडिओने ओढ लावली, दिशा दिली. पण पुढच्या टप्प्यावर दोघांनाही आपल्याकडे पाहणारा डोळा हवा होता.

यामागचं मानसशास्त्र शिकागो विद्यापीठाचे मायकल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसतं. डार्ट फेकण्याचा व्हिडिओ काहींना एकदाच दाखवला, काहींना २० वेळा. ज्यांनी २० वेळा पाहिला त्यांना आपला नेम चांगला लागेल अशी जास्त खात्री वाटत होती. प्रत्यक्षात त्यांचा नेम एकदाच पाहणाऱ्यांपेक्षा चांगला लागला नाही. नुसतं पाहून आत्मविश्वास वाढतो, कौशल्य वाढत नाही. याच मालिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात, हवेत वस्तू उडवून झेलण्याचा व्हिडिओ पाहिलेल्यांच्या हातात त्या वस्तू नुसत्या धरायला दिल्या. तेवढ्यानेही त्यांचा फाजील विश्वास उतरला.

शिकवणी विकणाऱ्याने या निष्कर्षाचा गैरफायदा घेणं सोपं आहे. प्रेक्षकाला खुर्चीत गुंगवून ठेवायचं आणि तो ‘मला हे जमेल’च्या धुंदीत असताना पैसे भरायला लावायचं. असा अभ्यासक्रम एकदा विकला जातो, पुरा कुणी करत नाही आणि घेणारा पुन्हा फिरकत नाही. प्रामाणिक मार्ग याच्या उलटा आहे. प्रत्येक व्हिडिओत पाहणाऱ्याला उठवायचं, काहीतरी करायला लावायचं. चेंडू हातात घेतला की आपल्याला काय येत नाही, ते त्याचं त्यालाच कळतं. त्यानंतर जो शिकायला येतो तो टिकतो.

एक व्हिडिओ, जवळून

हे प्रत्यक्षात कसं करायचं? समजा, एका क्रिकेट प्रशिक्षकाला बारा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी व्हिडिओ करायचा आहे. ‘फलंदाजीचे मूलमंत्र’ असं भारदस्त नाव दिलं तर तो कुणी शोधणार नाही. मुलं आणि त्यांचे पालक शोधतात ती अडचण : ‘ड्राइव्ह मारताना चेंडू हवेत का जातो?’ हेच व्हिडिओचं नाव.

पहिल्या दहा सेकंदांत ती चूक दिसली पाहिजे. स्वतःची ओळख, अकादमीचा फलक, ढोलताशाचं संगीत यांत ते दहा सेकंद घालवू नयेत. मुलगा ड्राइव्ह मारतो, चेंडू उडून कव्हरच्या हातात जातो. मग तोच फटका संथ गतीने. कॅमेरा पॉइंटच्या जागी, कमरेच्या उंचीवर, तिपाईवर घट्ट. आजच्या बऱ्याच फोनवर सेकंदाला १२० किंवा २४० चित्रं घेता येतात. तेवढ्याने बॅट आणि चेंडू भिडण्याचा क्षण स्पष्ट दिसतो. त्या क्षणी चित्र थांबवायचं. डोकं मागे राहिलंय, वजन मागच्या पायावर आहे, चेंडू डोळ्यांखाली येण्याआधीच बॅट त्याला पुढे जाऊन भिडली आहे आणि खालच्या हाताने तो उचलला गेला आहे. एवढं दाखवलं की कारण कळतं. पाच कारणं सांगायची नाहीत, मुख्य सांगायचं.

पुढे उपाय. प्रशिक्षक सात-आठ पावलांवरून हाताखालून चेंडू टाकतो. फलंदाज फक्त वरच्या हाताने बॅट धरून, पुढचा गुडघा वाकवून, डोकं चेंडूवर आणून तो जमिनीलगत ढकलतो. हे करणारा मुलगा संघातला सर्वोत्तम फलंदाज नसावा. ज्याला जमत नव्हतं त्याला जमू लागतं, हे पाहण्यातून शिकणाऱ्याला जास्त मिळतं. शिवाय शिकवणाऱ्याच्या कसबाचा तोच खरा पुरावा. शेवटी गृहपाठ : असे ३० चेंडू खेळा, आईबाबांना याच कोनातून फोनवर चित्रण करायला सांगा आणि चेंडू भिडताना आपलं डोकं कुठे आहे ते पाहा. एवढं झाल्यावर, अगदी अखेरीस, एक वाक्य : पुढच्या पायावरचे सगळे फटके क्रमाने शिकायचे असतील तर आमचा अमुक अभ्यासक्रम आहे.

बाकीची तांत्रिक पथ्यं थोडकी आहेत. आवाज चित्रापेक्षा महत्त्वाचा, म्हणून कॉलरला लावायचा छोटा माइक घ्यावा. सकाळचा किंवा संध्याकाळचा उजेड वापरावा. २०१२ पासून यूट्यूब व्हिडिओ किती वेळा उघडला याबरोबर तो किती वेळ पाहिला गेला यालाही मोठं महत्त्व देतं. त्यामुळे लांबण लावून उपयोग नाही आणि फसवं शीर्षक तर अंगाशीच येतं. २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यानंतर यूट्यूबने शॉर्ट्स आधी भारतातच आणले. असे आखूड उभे व्हिडिओ नव्या माणसापर्यंत पोचतात, मात्र शिकवणाऱ्यावर विश्वास मोठ्या व्हिडिओतूनच बसतो. म्हणून चूक शॉर्टमध्ये आणि उपाय पूर्ण व्हिडिओत, ही विभागणी सोयीची ठरते.

पैशाचं गणित

यूट्यूबच्या जाहिरातींतून घर चालेल, या भ्रमात कुणी राहू नये. त्यातला वाटा मिळायला चॅनेलचे किमान १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दर्शनं लागतात. मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के बनवणाऱ्याला मिळतात. सोलापुरातल्या जलतरण प्रशिक्षकाचा प्रेक्षक काही लाखांत नसणार. पण त्या पाहणाऱ्यांतले चाळीस जण उन्हाळी शिबिराला आले तरी त्याचं वर्ष सावरतं. त्याच्यासाठी व्हिडिओ हा उत्पन्नाचा झरा नसून ओळखीचा मार्ग आहे.

म्हणून पायऱ्या आखाव्यात. पहिली पायरी, एकेका चुकीवरचे फुकट व्हिडिओ. दुसरी, नाव-नंबर दिल्यावर मिळणारं सरावाचं साप्ताहिक वेळापत्रक. आपल्याकडे त्यासाठी व्हॉट्सॲप पुरतं. तिसरी, परवडेल अशा किमतीचा क्रमवार अभ्यासक्रम. चौथी, विद्यार्थ्याने पाठवलेला व्हिडिओ पाहून व्यक्तिशः दुरुस्ती. हिची किंमत सगळ्यांत जास्त असावी, कारण इथे तुमचा वेळ जातो. पाचवी, प्रत्यक्ष शिबिर.

मोठ्या नावावर विसंबलेल्यांचा अनुभव संमिश्र आहे. २०१५ मध्ये नामवंतांचे धडे विकणारं ‘मास्टरक्लास’ सुरू झालं तेव्हा पहिल्या शिक्षकांत सेरेना विल्यम्स होती आणि तिचा टेनिसचा अभ्यासक्रम ९० डॉलरला होता. आपल्याकडे ‘फ्रंटरो’ने सुरेश रैनासारख्या खेळाडूंचे चित्रित धडे विकायला काढले, गुंतवणूकदारांचा पैसा असूनही ते २०२३ मध्ये बंद पडलं. नामवंत खेळाडूचं बोलणं ऐकून उमेद येते, पण आठव्या दिवशी माझा चेंडू लेग साइडला का जातोय, ते पाहायला तो हजर नसतो. गल्लीतल्या प्रशिक्षकाचं बळ नेमकं इथे आहे.

जबाबदारी

ज्याने खेळ शिकवायचा त्याच्यावर दुसऱ्याच्या शरीराची जबाबदारी असते, आणि पडद्याआडून ती वाढते. गळा आवळण्याचे डाव, मानेवर भार येणारे व्यायाम, मल्लखांबावरच्या उलट्या कसरती, खोल पाण्यातला सराव हे एकट्याने करू नका, असं व्हिडिओच्या सुरुवातीलाच सांगायला हवं. घरी करण्याजोगं आणि फक्त प्रशिक्षकासमोर करण्याजोगं यांची विभागणी शिकवणाऱ्यानेच करून द्यावी.

मुलांचं चित्रण करताना पालकांची लेखी परवानगी घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती करायला मनाई केली आहे. सामन्यांचं चित्रण प्रक्षेपकांच्या मालकीचं असतं; ते उचलून टाकलं तर व्हिडिओ काढला जातो आणि ९० दिवसांत कॉपीराइटचे तीन इशारे (स्ट्राइक) आले तर चॅनेलच जाऊ शकतं. ग्रेसी बंधूंसारखं स्वतः करून दाखवणं हा सुरक्षित मार्ग, आणि शिकवण्याच्या दृष्टीने सरसही. एखाद्या कंपनीने बॅट किंवा बूट पैसे देऊन दाखवायला सांगितले असतील तर ती जाहिरात आहे, हे स्पष्ट लिहावं लागतं. भारतीय जाहिरात मानक परिषदेची यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून लागू आहेत. ‘तीस दिवसांत राज्य संघात’ अशी आश्वासनं तर अजिबात नकोत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड न होताही एका मुलाचं वर्ष वाया जातं, ते वेगळंच.

मराठीत काय करता येईल?

जिउजित्सूचा पसारा एका घराच्या गॅरेजातून वाढला. आपल्याकडे साहित्य त्याहून कितीतरी मोठं आहे. कोल्हापूरच्या तालमींत ढाक, कलाजंग, एकेरी पट, मोळी हे डाव रोज घोटले जातात. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर झाली, तिला परदेशांतून खेळाडू आले. त्यांना मायदेशी परतल्यावर शिकायला व्हिडिओच लागतात. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीत झाला आणि भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. खांबावरून झेप कशी घ्यायची, हुलकावणी कधी द्यायची, कबड्डीत कोपरारक्षकाने चवडा धरायला केव्हा झुकायचं, हे जगाला शिकवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे, त्यांतले कितीतरी जण आजही फक्त आपल्या मैदानावरच्या तीस-चाळीस मुलांपुरते शिकवत आहेत.

त्यांना एवढंच सांगणं आहे. मोठा कॅमेरा, स्टुडिओ, जाहिरातदार यांची वाट पाहू नका. तुमच्याकडे येणारी नवी मुलं हमखास कुठल्या दहा चुका करतात, ते वहीत लिहून काढा. प्रत्येक चुकीवर पाच मिनिटांचा एक व्हिडिओ करा, स्वच्छ मराठीत, आणि हातचं काहीही न राखता. दहा झाले की त्यांचा क्रम लावा; तुमच्या अभ्यासक्रमाची पहिली अनुक्रमणिका तीच. आणि पालकांनो, मुलासाठी ऑनलाइन शिकवणी विकत घेण्याआधी शिकवणाऱ्याचे फुकट व्हिडिओ पाहा. त्यातला एक उपाय मुलाकडून आठवडाभर करून घ्या. फरक दिसला तर पैसे भरा.